नव्या नियमांचं मार्गदर्शन

व्हॉट्सअ‍ॅपवर वकील संघाचं पोस्टर आलं आणि नवनाथ वकिलाचा चहा कपातच राहिला. उच्च न्यायालयाने अपील दाखल करण्याचे नियम बदलले होते, आणि ते नियम पिंपरीच्या वकिलांना समजावून सांगायला येणार होती वर्षाली. कालपरवापर्यंत नवनाथच्याच ऑफिसात ज्युनियर म्हणून फायली लावणारी वर्षाली! पोस्टरवर तिचा हसरा फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'मार्गदर्शक'.

"किती गोड दिसतेय हो!" बायको मिनल म्हणाली. "तुम्हाला नाही का कधी बोलावलं?"

नवनाथच्या पोटात जे दुखायला लागलं ते ओव्याने थांबणारं नव्हतं. बार रूममध्ये त्याने सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "मला त्या दिवशी मुंबईला हायकोर्टात काम आहे. नाहीतर आलो असतो की, पोरीचं कौतुक करायला."

काम कसलं नि काय! व्याख्यानाच्या दिवशी तो सभागृहामागच्या गल्लीत, स्वतःच्या ऑफिसचं शटर अर्धं ओढून बसला होता. समोर अशील होते, तळवड्याचे अर्जुनराव. चुलतभावाने त्यांच्या शेताच्या वाटेवरच पत्र्याची शेड ठोकली होती. खालच्या कोर्टात अर्जुनराव हरले होते आणि अपिलाची मुदत आज संपत होती. नवनाथने नेहमीच्या पद्धतीने अपील तयार करून ऑनलाइन पाठवलं. ते आल्या पावली परत आलं. नव्या नियमाप्रमाणे फाइलला बुकमार्क नव्हते म्हणे.

"बुकमार्क म्हंजी काय वं?" अर्जुनरावांनी विचारलं.

"तेच शोधतोय."

पुन्हा पाठवलं, पुन्हा परत. विचारायचं तरी कुणाला? नव्या ज्युनियरसकट सगळे त्या व्याख्यानाला जाऊन बसले होते.

"मग आपुन बी जाऊन ऐकू की. ह्ये काय, पलीकडंच हाय."

"मी नाही जाऊ शकत."

"का?"

"मी मुंबईत आहे."

अर्जुनरावांनी नवनाथकडे निरखून पाहिलं. शेड डोळ्यांसमोर होती, म्हणून ते स्वतःच जायला उठले.

सभागृहात प्रवेश फक्त वकिलांना होता. अर्जुनरावांच्या अंगात पांढरा सदरा होताच, त्यावर नवनाथने आपला जादा कोट चढवला, गळ्याला वकिलांचा पांढरा बँड बांधला, त्यांच्या फोनवरून स्वतःला कॉल लावून तो चालूच त्यांच्या खिशात घातला आणि त्यांच्या कानात वायर खोचली. एके काळच्या पैलवानाच्या अंगावर कोटाची बटणं काही लागेनात. तसेच ते निघाले.

थोड्या वेळाने फोनमधून वर्षालीचा आवाज आला. इतका स्वच्छ आणि ठाम, की नवनाथ जळून खाक झाला. असं बोलायला हिला शिकवलं कुणी?

"प्रत्येक कागदपत्राला बुकमार्क द्यायचा, म्हणजे न्यायमूर्तींना हवं ते पान चटकन उघडता येतं," ती भराभर सांगत होती.

"हळू सांगायला सांगा तिला!" नवनाथ फोनवर पुटपुटला.

अर्जुनराव उभे राहिले. "म्याडम, जरा दमानं! आमच्या सायबाचा हात लई सावकाश चालतोय."

सभागृहात हशा पिकला. ज्युनियर असताना याच शेडच्या दाव्यात वर्षालीने अर्जुनरावांच्या घरी जाऊन दोनदा पिठलं-भाकरी खाल्ली होती. ती त्यांना ओळखणार नाही तर काय!

"बरं काका, पुन्हा सांगते," ती म्हणाली आणि एकेक पायरी सावकाश सांगत गेली. शेवटी म्हणाली, "आणि सर, सगळं झालं की फाइल सेव्ह करा. तुम्ही नेहमी विसरता."

नवनाथ खरंच विसरला होता. कान लाल झाले, तरी त्याने मुकाट्याने सेव्ह केलं आणि पाठवलं. अपील दाखल झालं.

खरं तर पेढे मागवायचे. पण नवनाथच्या अंगाचा तिळपापड झाला होता. तेवढ्यात फोनमधून आवाज आला, "आता शेवटी, माझ्या सरांबद्दल दोन शब्द..." नवनाथने फोन कट केला. स्वतःची शोभा स्वतःच्या कानांनी कोण ऐकत बसणार?

अर्जुनराव परतले ते गळ्यात हार घालूनच. अपील दाखल झाल्याचं कळताच त्यांनी कॉम्प्युटरला हात जोडले.

"काय म्हणाली ती माझ्याबद्दल? खरं सांगा," नवनाथने विचारलं.

"म्हन्ल्या, मला जे काय येतं त्ये सरांनी शिकवलं. कोर्टात हुभं कसं ऱ्हायाचं, अशिलाला खोटी आशा का दावायची न्हाई, समदं. बोलताबोलता डोळं भरलं वं पोरीचं. सगळा हॉल हुभा ऱ्हाऊन टाळ्या वाजवाया लागला."

नवनाथने खुर्ची पुढे ओढली. "मग?"

"मग काय? सरांच्या नावाचा हार आनला, अन् तुमी मुंबईत! कुनीतरी उठाया नगं का? मी गेलो वर, हार घालून घेतला, फोटू काढला."

वकिलीला लागल्यापासून नवनाथ ज्या टाळ्यांची वाट पाहत होता, त्या वाजूनही गेल्या होत्या. वर्षालीबद्दलची जळजळ कुठच्या कुठे पळाली, आणि तो अर्जुनरावांकडे डोळे वटारून बघत राहिला.

"किती वेळ वाजत होत्या टाळ्या?" त्याने शेवटी विचारलंच.

"लई येळ," अर्जुनराव खुर्चीत टेकत म्हणाले. "मला दोनदा नमस्कार करावा लागला."