देवरे नानांची पापणी

देवरे नाना पापणी लववतच नाहीत, अशी आमच्या अपार्टमेंटमधल्या पोरांची पक्की खात्री होती. खरं-खोटं करायला एकदा पोरं त्यांच्या खिडकीसमोर रांगेनं उभी राहिली आणि एकटक बघायला लागली. एकेकाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, एकेक जण गळत गेला. नाना आपले खुर्चीवर तसेच. शेवटी तेच म्हणाले, "तिसऱ्या पोऱ्याच्या शर्टाचं वरचं काज उसवलंय. आईला सांग रे."

इंदिरानगरात तेव्हा इमारती कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. तळमजल्यावरचा पहिला फ्लॅट नानांचा, त्यांच्या डोक्यावर आमचा. नाना मूळचे मालेगावचे. सगळी हयात एका व्यापाऱ्याकडे कापड तपासण्यात गेली. पॉवरलूमवरून उतरलेला ताका टेबलावरून सरकत जायचा आणि नाना त्यातला तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग हुडकायचे. पापणी लवली की तेवढ्यात वीतभर कापड पुढे गेलेलं असायचं. म्हणून पापणी लववायचीच नाही, हे त्यांनी डोळ्यांना शिकवून ठेवलं होतं. काम सुटलं, सवय राहिली. आता त्यांच्यासमोरून आमची गल्ली सरकत होती.

पाण्याचा व्हॉल्व्ह कुणी सोडला, कुणाकडे पाहुणे आले, दूधवाल्यानं कुणाच्या दारात किती वेळ गप्पा मारल्या, सगळं त्यांना ठाऊक. कुणी काही सांगायला गेलं की हात वर करून म्हणायचे, "मन्हं ध्यान शे!" म्हणजे माझं लक्ष आहे. एरवी नाना आमच्याशी आमच्यासारखं बोलायचे, पण अंगात आलं की अहिराणी बाहेर पडायची. माझ्या मेहुण्याच्या लग्नात त्यांनी नवरीच्या शालूतली गाठ शोधली, तीही ऐन मंगलाष्टकं चालू असताना, मोठ्यानं. माझी सासू अजून त्यांचं नाव काढलं की कपाळाला हात लावते.

बसणं म्हणून नव्हतं माणसाला. खिडकीतून दारात, दारातून गेटवर, गेटवरून परत खिडकीत. नानी जाऊन वर्ष होऊन गेलं होतं, मुलगी इंदूरला. घरात एकटा जीव आणि दिवसभर येरझारा. माझी बायको सुमन म्हणायची, "अहो, नानांना जरा बसायला सांगा ना, बघून मलाच चक्कर येते."

आणि मग त्या डोळ्यांनी दावा मांडला. आधी नुसतं चुरचुरायचं. मग लाल. मग सकाळी उठल्यावर असं दुखायचं की भिंत धरून मोरीपर्यंत जायचे. "जाधवभाऊ, डोळ्यात कुणी वाळू ओतलीय हो," असं म्हणत ते मला जिन्यात गाठायचे आणि बोटांनी खालची पापणी ओढून दाखवायचे. मी चहा पिऊन निघालेला माणूस, मला सकाळी सकाळी ते लालभडक दर्शन.

आता आपल्याकडे डोळा दुखतो म्हटलं की गल्लीत डॉक्टर किती निघतात ते तुम्हाला माहीत आहेच. कुणी धन्याचं पाणी सांगितलं, कुणी गुलाबपाणी. एका शहाण्यानं मध सांगितला. नानांनी तो घातला आणि गेटपर्यंत पळत जाऊन परत आले. सुमननं काकडीच्या चकत्या कापून दिल्या, डोळ्यांवर ठेवून पडा म्हणाली. नानांनी मीठ लावून खाल्ल्या. विचारलं तर म्हणाले, "वहिनी, डोळ्यावर ठेवल्यावर बाहेरचं दिसत नाही."

एका सकाळी त्यांचा उजवा डोळा उघडेचना. खुर्चीवर मुठी आवळून बसले होते. मी त्या दिवशी शिफ्टला दांडी मारली, त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि द्वारका चौकाजवळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. द्वारकेचा तो धुरळा, ट्रक, रिक्षांची कचकच. नाना मागून एका डोळ्यानं बघत सांगत होते, "डावीकडून टेम्पो येतोय. मन्हं ध्यान शे, तुम्ही चालवा."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण कामात पक्क्या. त्यांनी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली. डोळ्यात पाणी किती तयार होतं ते तिच्यावर मोजतात म्हणे. नाना पट्टी लटकवून ताठ बसले. काढल्यावर विचारलं, "किती भरलं?"

"फारच कमी, काका."

"म्हणजे माल कमी उतरला."

मग डोळ्यात पिवळं औषध घालून, निळा उजेड पाडून बाईंनी बराच वेळ पाहिलं. त्यांचा चेहरा बदलला. म्हणाल्या, "डोळे कोरडे पडलेत ते आहेच. तुम्ही पापण्या फार कमी मिटता. पण बुबुळाच्या खालच्या भागावर ओरखडे आहेत, तेवढ्याच पट्ट्यात. मला शंका आहे की झोपेत तुमचे डोळे पूर्ण मिटत नाहीत. काही माणसांचे अर्धवट उघडे राहतात, आणि रात्रभर वाळतात. तसं असेल तर झोपताना मलम घालून पापण्या चिकटपट्टीनं मिटवाव्या लागतील. तुम्ही झोपल्यावर घरी कुणी बघू शकेल का?"

"मीच बघतो," नाना म्हणाले.

"कसं बघणार?"

"आरसा लावतो समोर."

बाई हसल्या. मीही हसलो. नाना हसले नाहीत. तेव्हा बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली.

"काका, हे अंगावर काढू नका," बाई म्हणाल्या. "ओरखडे भरले नाहीत आणि त्यात जंतू शिरले, तर जखम होईल. फूल पडेल डोळ्यात. मग नजर परत आणणं माझ्या हातात नाही." त्यांनी दिवसातून कितीदा तरी घालायचे थेंब दिले, कोमट पाण्यात फडकं पिळून डोळे मिटून पडायला सांगितलं, आणि दर मिनिटाला पापण्या मिटायची आठवण ठेवा म्हणाल्या. आणि जाता जाता मला म्हणाल्या, "तेवढं झोपेतलं बघाच."

नाना घाबरले होते. नजर गेली तर त्यांच्याकडे दुसरं काय होतं? त्यांनी पापण्या मिटायची कवायतच सुरू केली. मिट, उघड, मिट, उघड. पण सवय नसल्यामुळे दोन्ही एकदम मिटायच्या नाहीत, एक मिटायची आणि दुसरी विचार करायची. कोपऱ्यावरची भाजीवाली मावशी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय वो नाना, ह्या वयात डोळा मारताय व्हय?" त्या दिवसापासून नानांची भाजी सुमन आणायला लागली.

राहिलं झोपेतलं बघणं. माझी फर्स्ट शिफ्ट, दुपारी घरी यायचो, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. जेवून खाली जायचो. नाना कॉटवर आडवे, डोळ्यांवर कोमट फडकं, आणि मी शेजारी खुर्चीत. मनात म्हटलं, पाच-दहा मिनिटांत माणूस झोपेल, आपण बघू आणि सुटू. कसलं काय! फडकं टाकलं की नानांची तगमग सुरू. पाय हलायचे, बोटं चादरीची वीण चाचपायची. "जाधवभाऊ, गेट वाजलं. कोण आलं?"

"पोस्टमन."

"कुणाकडे?"

"वरच्या मजल्यावर. तुम्ही झोपा."

"आता स्कूटर गेली ती कुणाची?"

म्हणजे मी तिथं बसून गल्लीचं समालोचन करायचं. दोन दिवस इमानदारीत केलं. तिसऱ्या दिवशी कंटाळून खोटंच सांगायला लागलो, की कुणी नाही, सगळं शांत आहे. फडक्याखालून आवाज आला, "मग कुत्रं कुणावर भुंकतंय?"

मी पहाटे उठून मशीनवर उभा राहून आलेला माणूस. एका दुपारी बसल्या बसल्या मीच झोपलो. जाग आली तेव्हा नाना कॉटवर मांडी घालून माझ्याकडे टक लावून बघत होते. म्हणाले, "तुमचे डोळे नीट मिटतात, जाधवभाऊ. काही काळजी नाही. तोंड तेवढं उघडं राहतं." ही बातमी त्यांनी सुमनलाही सांगितली.

आठवड्यानं परत दवाखान्यात गेलो. निळा उजेड पडला आणि बाई चिडल्या. उजव्या डोळ्याचे ओरखडे वाढले होते. "झोपेतलं पाहिलंत?" मी म्हटलं, हे झोपतच नाहीत. रात्री केव्हातरी पहाटेपहाटे लागतो म्हणे डोळा, तेव्हा घरात कोण असणार! त्या म्हणाल्या, "काका, एवढ्यात नीट झालं नाही तर हा डोळा वाचवणं अवघड आहे. खरंच सांगते."

येताना टेम्पो आले, ट्रक आले, मागून काही सूचना नाही. घरी आलो, मी फडकं पिळून दिलं, आणि दोन मिनिटांत ते पुन्हा उठून खिडकीकडे निघाले. तेव्हा माझी सटकली.

"अहो नाना, आहे काय त्या गल्लीत? कोण नेणार आहे ती उचलून? डोळा गेल्यावर कशानं लक्ष ठेवणार आहात? आम्ही दोघं जीव तोडतोय आणि तुम्हाला दहा मिनिटं पडवत नाही?"

नाना खिडकीचा गज धरून उभे राहिले. मला वाटलं, आता आपल्याला घराबाहेर काढतात. पण ते परत आले आणि कॉटच्या कडेवर बसले.

"मी झोपलो होतो," ते म्हणाले.

"कधी?"

"दवाखान्यात. तिच्याजवळ." नानी शेवटी आजारी होत्या, एवढंच आम्हाला माहीत होतं. आम्ही राहायला आलो तेव्हा त्या गेलेल्या होत्या. "सात-आठ रात्री मी स्टुलावर बसून काढल्या, भाऊ. हू का चू केलं नाही. डॉक्टर म्हणायचे, जा घरी, आंघोळ करून या. मी नाही हललो. आणि त्या दुपारी जरा बरं वाटतंय म्हणाली, मोसंबीचा रस प्यायली. मी भिंतीला डोकं टेकलं. डोळा लागला. किती वेळ, कुणास ठाऊक. जाग आली तर ती माझ्याकडे बघत होती."

मी त्यांच्यासमोर खुर्चीत बसलो.

"डोळे उघडे. असे, अर्धे. मी म्हटलं, काय व्हयनं, पाणी देऊ का? हात लावला तर गार." त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. "तिनं हाक मारली असेल ना? आवाज नसेल निघाला. मग बघत राहिली असेल, हा माणूस कधी उठतो म्हणून. सगळी जिंदगी धागा तुटला तर मला दिसायचा, आणि हे नाही दिसलं. नर्सबाईनं येऊन तिचे डोळे मिटले. तेही माझ्या हातून नाही झालं."

मी उठून फडकं परत गरम पाण्यात बुडवलं, पिळलं आणि त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, "नाना, पडा. मी आहे."

ते आडवे झाले. फडकं डोळ्यांवर घेतलं. थोड्या वेळानं म्हणाले, "बाहेरचं राहू द्या आज. नुसते बसा." मी बसलो. पाय हलायचे थांबले. चादरीवरची बोटं सैल पडली. एका दमात एवढं बोलल्यावर माणसातली सगळी ताकद गेली असावी. श्वास लांब झाला, मग घोरणं सुरू झालं.

सुमन जेवायला बोलवायला आली, मी तिला दारातूनच हाताच्या खुणेनं परत पाठवलं. नानांनी कूस बदलली आणि फडकं उशीवर घसरलं. तेव्हा मला दिसलं. डोळे मिटलेले नव्हते. खाली फट राहिली होती, ज्वारीचा दाणा मावेल एवढी, आणि तीत नुसतं पांढरं. घोरणं चालू होतं म्हणून बरं. मी वाकून बघितलं, अगदी जवळून. "नाना," मी हाक मारली. काही नाही. मग जरा मोठ्यानं मारली. तरी काही नाही.

उन्हं उतरल्यावर ते जागे झाले. इकडेतिकडे पाहिलं, मी खुर्चीत आहे हे पाहिलं, आणि धडपडून उठून बसले.

"झोपलो होतो?"

"चांगले घोरत होता."

"मग? उघडे होते?"

"होते, नाना. बाई म्हणाल्या तस्सं. अर्धवट. उद्या त्यांना सांगू, आजपासून पट्टी लावू. रोज झोपताना मी येऊन लावीन."

पट्टीचं त्यांनी ऐकलंच नाही. त्यांनी माझं मनगट धरलं.

"मग मी तुमच्याकडे बघत होतो?"

"छे हो."

"डोळे उघडे होते ना? मी तुमच्याकडे तोंड करून होतो. मग बघत नव्हतो?"

त्यांना काय विचारायचं होतं ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी खुर्ची जवळ ओढली.

"नाही, नाना. तुम्ही कुणाकडेच बघत नव्हता. नुसतं पांढरं दिसत होतं. मी दोनदा हाक मारली, तुम्हाला पत्ता नव्हता. गाढ झोपला होता. चेहरा शांत होता."

नाना बराच वेळ माझं मनगट धरून राहिले. मग म्हणाले, "नर्सबाई म्हणाली होती, झोपेतच गेल्या. मला वाटलं, माझी समजूत काढतेय."

त्यांचे डोळे लाल, कोरडे, आणि आता ते आपोआप, दोन्ही बरोबरच, मिटत-उघडत होते.

"परत सांगा बरं," ते म्हणाले. "कसे होते डोळे?"

मी पहिल्यापासून परत सांगितलं.