ईशानीबाईंचे काम अपुरे राहिल्याचे शाबीत केले त्याची हकीकत

श्री. शके १९३४ नंदननाम संवत्सरी कनाटा परगण्यात जी थोर मोहीम जाहली, तिची हकीकत जैशी घडली तैशी लिहिली आहे. येथील मराठी मंडळातील काही मंडळी हल्ली ती आपापल्या सोयीने सांगत फिरतात, त्यांनी खुशाल फिरावे. आम्ही त्या दिवशी हॉलात खुद्द हजर होतो आणि बटाटेवड्यांच्या ट्रेवर आमचाच पहारा होता.

कनाटा म्हणजे कॅनडाची राजधानी ऑटावा, तिच्या पश्चिमेचा टेलिकॉमवाल्यांचा मुलूख. तेथे राजमान्य राजेश्री उल्हासराव, मूळ ठिकाण पुणे, सॉफ्टवेअरचे मनसबदार, कबिल्यासह नांदत होते. त्यांची एकुलती कन्या ईशानीबाई, उमर वर्षे चोवीस, सरकारी मदतीवर चालणाऱ्या स्वयंसेवकांच्या पथकातून आफ्रिका खंडी माली देशी एक साल मुदतीवर गेली होती, आणि तेथे एका गावी सुइणींस बाळंतपणाच्या नोंदी ठेवावयास शिकवीत असे, आणि त्या कामात तिचा जीव रमला होता. मग पाच महिने होतात न होतात तोच त्या देशी फौजेने तख्त उलथिले, आणि फर्मान सुटले की समस्त स्वयंसेवकांनी दोन दिवसांत स्वदेशी निघावे. बाई एका पाठपिशवीनिशी निघाली, सुइणींचा निरोपदेखील घेता आला नाही, आणि कनाट्यास दाखल होऊन जी बेसमेंटमध्ये उतरली ती जेवणापुरतीच वर येऊ लागली.

सरकार याबाबती दिलदार होते. अकाली परतलेल्यांस बोलावयास समुपदेशक, आणि उरलेली मुदत पुरी करणे असेल त्यास दुसऱ्या देशी ठाणे, ऐशी तजवीज केली होती. ईशानीबाईस ते ठाणे हवे होते. सात महिने उरले होते ते पुरे करावे, याखेरीज तिचे दुसरे मागणे नव्हते.

परंतु उल्हासरावांनी आरंभीच घोळ घातला. मंडळाचा पाडवा, हॉल मिळाला तेव्हा म्हणजे तिथीनंतर तीन आठवड्यांनी, साजरा जाहला, तेथे कोणी सहज पुसले की लेक लवकर कशी आली? पुण्यातला बाप, लेकीचे काम अर्धे राहिले हे शब्द त्याच्या तोंडून निघतात कसले? 'प्रोजेक्ट बिफोर टाइम कम्प्लीट केला,' ऐसे खाशांनी जाहीर केले, आणि टाळ्या पडल्या, आणि टाळ्या गोड लागल्या. मग त्या ठाण्यासाठीचा सरकारी अर्जही त्यांनी स्वहस्ते भरिला, कारण रेझ्युमेत गॅप दिसू नये, आणि 'काम पूर्ण जाहले काय' या सवालासमोर 'होय, उत्तम प्रकारे' ऐसे लिहिले. मग पेन्सिलीने फुली मारून कागद बेसमेंटमध्ये धाडिला, आणि बाईने न वाचता फुलीवर सही केली. आमच्या घरांतून हीच रीत आहे. बाप फुली मारतो तेथे लेकरे सही करितात, मग कागद शाळेचा असो वा पासपोर्टाचा.

पंधरा दिवसांत खलिता आला. काम पूर्ण केल्याबद्दल सरकारने ईशानीबाईंचे अभिनंदन केले होते, आणि सबब मदतीची गरज नाही ऐसे कळवून दफ्तर बंद केले होते. बाईने तो वाचिला, आणि म्हणाली, "बाबा, व्हॉट डिड यू डू?" आणि दार लोटून घेतले. तिच्या मातोश्री सुनेत्राबाईसाहेबांनी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. घरात ऐशी शांतता पसरली की डिशवॉशर थांबल्याचेही ऐकू आले.

तेव्हा उल्हासराव फाईल घेऊन सरकारी कचेरीवर चालून गेले. फाईलीत बालवर्गापासूनच्या गुणपत्रिका, पोहण्याचा दाखला, लसीकरणाचे कार्ड, सर्वांच्या साक्षांकित प्रती चार-चार. मॅडलीनबाई नावाची फ्रेंच कारकूनबाई नम्रतेने म्हणाली, की पोहणे उत्तमच, परंतु काम अपुरे राहिल्याचा पुरावा यांत कोठे आहे? संस्थेचे कागद तर त्या देशीच अडकले होते. सबब नात्याबाहेरच्या दोघा ओळखीच्यांनी लिहून द्यावे, की ही खरोखरच काम अर्धे टाकून आली. मुदत सोमवारची. "दॅट्स ऑल, सर," ऐसेही ती म्हणाली. दॅट्स ऑल म्हणे!

कारण कनाट्यात ओळखीचे म्हणून जे होते ते सर्व टाळ्या वाजवून बसलेले. मग बाईसाहेबांनी हुकूम केला, की रविवारी मंडळाचे पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने आपापला पदार्थ आणावयाची पंगत, आहे, तेथे माइक घ्यावा आणि जे आहे ते बोलावे, नाहीतर आपण बोलू.

रविवारी उल्हासराव माइकापाशी उभे राहिले. दहा वर्षे या गृहस्थाने गणपतीत आभार मानले, परंतु त्या दिवशी माइक तीनदा ठोकून पाहिला. म्हणाले, "मी खोटं बोललो. तिचं काम पूर्ण झालेलं नाही. तिला अर्ध्यातून परत आणलं. मला लाज वाटली म्हणून मी... लाज तिची नव्हती." मग मागल्या खुर्चीवरून ईशानीबाई म्हणाली, "इट्स ओके, बाबा. यू कॅन स्टॉप नाऊ."

मग मंडळाचे अध्यक्ष राजनराव उठले. आम्हांस वाटले आता ठराव मांडतात. ते पेन मागू लागले, आणि साक्षीच्या कागदावर सही करिता करिता हळूच म्हणाले, की हॅलिफॅक्सची पीएचडी मीही अर्धी टाकली, अठरा वर्षे झाली, घरी अजून डॉक्टर म्हणतात. आणि मग मंडळातल्याच माधवीबाई उठल्या, आणि मग रांगच लागली. सह्या दोन हव्या होत्या, त्या एकतीस जाहल्या, आणि प्रत्येकजण सही करिताना उल्हासरावांच्या कानी काहीबाही सांगून जाई. काय सांगितले ते आम्हांस ठाऊक आहे, लिहिणार नाही.

सोमवारी मॅडलीनबाईने एकतीस सह्या पाहून डोळे मोठे केले. ज्येष्ठाचे आरंभी मंजुरीचे फर्मान आले. उल्हासरावांनी ते मोठ्याने वाचिले, मूठ हवेत उडविली, बाईसाहेबांस पेढे आणावयास सांगितले, आणि मग शेवटल्या ओळीशी थबकले. लढाईच्या धुंदीत लढाई कशासाठी हेच खाशांस विसरावयास जाहले होते. तेथे लिहिले होते, मुक्काम सेनेगल, सोळा दिवसांत रुजू व्हावे. ईशानीबाई हसत होती, घरी आल्यापासून प्रथमच, आणि ते पाहून त्यांनी कागदाची घडी घातली आणि गरम कपडे लागतील काय ऐसे पुसले.

येणेप्रमाणे उल्हासरावांनी कन्येचे काम अपुरे असल्याचे सरकारदरबारी शाबीत करून पूर्ण फत्ते संपादिली. फत्तेनंतर घरात माणसे दोन उरली, ऐसे दफ्तरी दाखल असे.