दिघोरेभाऊंचा सहा फुटी समुद्र

दिघोरेभाऊंनी माझ्या चहात थर्मामीटर बुडवला तेव्हा आमची ओळख होऊन जेमतेम चार दिवस झाले होते.

शेजारी आले म्हणून मी कप पुढे केला. त्यांनी शर्टाच्या खिशातून, जिथे बाकीचे लोक पेन ठेवतात तिथून, काचेची नळी काढली, रुमालाने पुसली आणि कपात उभी धरली. डोळे बारीक करून म्हणाले, "एकसष्ट." पाच मिनिटं घड्याळाकडे पाहत बसले. पुन्हा नळी बुडवली. "त्रेपन. पहा बाई, थोडं पाणी असलं का लवकर बदलते. गरम बी लवकर, थंड बी लवकर. कपात कोनी जगू शकत नाई."

कपात कुणी जगावं अशी माझी अपेक्षा नव्हती. मी आपली चहा पिणार होते.

माझी बदली गडचिरोलीला वनविभागाच्या कार्यालयात झाली होती आणि मला भाड्याने मिळालेल्या घराची एक भिंत दिघोऱ्यांच्या घराशी सामाईक होती. दिघोरेभाऊ वीज उपकेंद्रात ऑपरेटर. उंच, वाळके, सदा कुणीतरी मागून हाक मारल्यासारखे दचकलेले. जातीने ढीवर; वडील चामोर्शीकडच्या एका गावात तलावावर जाळं टाकत टाकत म्हातारे झालेले. मुलाने बाकी जाळं धरलं नाही. त्याने समुद्र पाळला.

खरंच सांगते. त्यांच्या पुढच्या खोलीत तीन फुटी काचेची टाकी होती आणि तिच्यात खारं पाणी. मीठ मद्रासहून रेल्वेने बल्लारशाला यायचं आणि तिथून एसटीच्या टपावर गडचिरोलीला. त्या पाण्यात पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे आणि एक निळा, बोटाएवढा. जिथून समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो मैल दूर, तिथे हे तीन मासे मजेत राहत होते. मजेत नव्हते ते दिघोरेभाऊ.

"लाइन गेली त मंग?" "पंप बंद पडला त मंग?" "मांजर आली त मंग?" त्यांचं प्रत्येक वाक्य या 'मंग'शी येऊन थांबायचं, आणि पुढचं उत्तर आपण द्यायचं. दिलं, की त्यालाही 'मंग' असायचाच.

त्यांच्या वडिलांना सगळे बाबा म्हणत. त्या उन्हाळ्यात बाबा मुलाकडे राहायला आले आणि टाकीसमोरून उठेनात. मला म्हणाले, "सारी जिंदगी मासा पान्याबाहेर पाह्यला जी. तडफडतानीच पाह्यला. पान्यात कसा राह्यते, थे आता पाहून राह्यलो."

आणि मग मे महिन्यातली ती दुपार आली. भारनियमनाचे दिवस. उपकेंद्रात ड्यूटीवर दिघोरेभाऊच. वरून फोन आला, तीन नंबरचा फीडर पाच तास बंद करा. आमची गल्ली तीन नंबरवर. त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःच्या घराची वीज बंद केली. दुसरं काय करणार होते?

इकडे बाहेर शेहेचाळीस डिग्री. मी ऑफिसातून घरी आले तेव्हा बाबा टाकीला ओल्या गोणपाटाने गुंडाळून सुपाने वारा घालत होते. वैनी, म्हणजे भाऊंची बायको, माठातलं पाणी गोणपाटावर ओतत होती. मीही सूप घेतलं. काही उपयोग झाला नाही. संध्याकाळी भाऊ आले तेव्हा बाबांनी तिन्ही मासे पाण्यातून काढून केळीच्या पानावर ठेवले होते. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात गाड्याच्या गाड्या मासे काढले असतील, तो त्या तिघांवर अजून सुपाने वारा घालत होता.

 दोन दिवसांनी बाबा गावी गेले. टाकी रिकामी झाली, वैनीने धुऊन पुसून तिच्यात तांदूळ भरले. भाऊंच्या खिशात पेन आलं. तीन वर्षं त्या घरात माशाचं नाव निघालं नाही. ताटातसुद्धा नाही.

म्हणून एका रविवारी सकाळी ते आलेखाची वही घेऊन माझ्या दारात उभे राहिले, तेव्हा मी आधी त्यांचा खिसा पाहिला. थर्मामीटर परत आला होता.

"बाई, सहा फूट," ते म्हणाले.

"काय सहा फूट?"

"टाकी. सहा बाय दोन बाय दोन. मांगच्या वेळेस पानी कमी होतं म्हनून तापलं. यावेळेस पानीच येवढं ठेवतो का सूर्याले बी तापवाले दोन दिवस लागन." मग आवाज एकदम खाली आला. "पर वजन आठ क्विंटल होऊन राह्यलं. फरशी खचली त मंग?"

फरशीखाली पक्का मुरूम आहे, असं मी सांगितलं.

"मुरूम खचला त?"

पुढच्या रविवारी गल्लीतल्या नऊ जणांना आमंत्रण होतं. कारण कोणाला माहीत नव्हतं. लोकांना वाटलं, सत्यनारायण असेल. पुढच्या खोलीत खडूने सहा बाय दोनची चौकट आखलेली. तिच्यात तांदळाची सहा पोती आडवी घातलेली. "या, या, वरते उभे राहा," भाऊ सगळ्यांना म्हणाले. पोत्यांवर नऊ माणसं, एकमेकांच्या खांद्यांना धरून. निवृत्त गुरुजी मधोमध, कारण त्यांचं वजन जास्त आणि भार समतोल राहायला हवा. मी कडेला, एक पाय हवेत. भाऊ जमिनीवर पालथे पडून फरशीला कान लावून ऐकत होते.

"आवाज येऊन राह्यला का?" गुरुजींनी विचारलं.

"हालू नका, गुरुजी! तुम्ही पानी आहात!"

वीस मिनिटं आम्ही पाणी होतो. मग वैनी पोह्यांचं ताट घेऊन आली आणि पाणी आपोआप खाली उतरलं. फरशीला तडासुद्धा गेला नव्हता. भाऊंनी वहीत नोंद केली आणि पुढची काळजी काढली.

ती माझ्या खात्याची होती. "बाई, तुम्ही फॉरेस्टमधल्या. पोवळं घरी ठेवलं त कायदा लागते काय?"

मी ऑफिसात साहेबांना विचारलं. साहेबांचं आयुष्य सागवान आणि वाघात गेलेलं. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, खिडकीतून बाहेर पाहिलं. "आपल्या डिव्हिजनमध्ये समुद्र आहे?" पण पुस्तक उघडलं, आणि निघालं. ज्या यादीत वाघ, त्याच यादीत पोवळं.

हे ऐकून दिघोरेभाऊंनी आधी दार लावून घेतलं. "म्हनजे मी घरात वाघ बांधनार होतो!" लगेच त्यांनी वहीतलं पान फाडून चुलीत घातलं. माझ्या अंदाजाने त्या पानावर फक्त एक चित्र होतं. पण छापा पडला त मंग?

पोवळ्यावाचून खडक कसा करायचा, यात दोन महिने गेले. शेवटी त्यांनी वैनगंगेतले शिंपले आणून कुटले, पांढऱ्या सिमेंटमध्ये कालवले आणि ओबडधोबड दगड ओतले. त्यांत बोटाने भोकं पाडली, माशांना लपायला. मग ते दगड ड्रममध्ये भिजत घातले, कारण सिमेंटमधला चुना उतरल्याशिवाय मासा जगत नाही. रोज सकाळी ड्रमचं पाणी बदलताना ते दगडांशी बोलायचे. अंगण, न्हाणी आणि वैनीची मनःशांती, सगळं त्या दगडांनी व्यापलं. विजेसाठी ट्रकच्या दोन बॅटऱ्या आल्या. दोन पंखे पाण्यावर वारा घालायला. एक पंखा बंद पडला तर दुसरा, दुसरा बंद पडला तर कोपऱ्यात दोन सुपं.

दसऱ्याला टाकी भरली. खोलीभर निळसर उजेड पडला. पांढरे दगड, स्वच्छ खारं पाणी, बुडबुडे. गल्ली लोटली.

"मासे कुठी हायेत?" लोक विचारायचे.

"येऊन राह्यले," भाऊ सांगायचे.

मासे येत नव्हते. पाणी मुरायला सहा आठवडे लागतात हे मला त्यांनीच सांगितलं होतं. सहा झाले, आठ झाले, नऊ झाले. ते रोज खारेपणा मोजत, उष्णता मोजत, वहीत लिहीत. सगळं बरोबर येई. जितकं बरोबर येई तितका त्यांचा चेहरा उतरे. रात्रपाळी करून आले तरी झोपत नसत, रिकाम्या टाकीभोवती फेऱ्या घालत. मासे पाठवणाऱ्या मद्रासच्या दुकानदाराचा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला होता आणि चौकातला एसटीडी बूथ घरापासून शंभर पावलांवर होता.

मला हसू यायचं. मी ऑफिसात नकलाही करायची.

मग एकदा दुपारी वैनीकडे विरजण मागायला गेले. भाऊ ड्यूटीवर होते. टाकीकडे पाहत मी थट्टेने म्हटलं, "वैनी, पाण्याचं लग्न ठरलं, नवरदेव काही येत नाही."

वैनी हसली नाही. विरजणाची वाटी माझ्या हातात देत म्हणाली, "बाबाचे डोळे चालले, बाई. काचबिंदू हाय. चंद्रपूरच्या डॉक्टरनं सांगतलं, उजव्यातनं गेलंच हाय, डाव्यातनं आणखी काही महिने. याच उन्हाळ्यात सांगतलं हे. त्याच हप्त्यात यायनं वही आनली. लहान मासे बाबाले आता दिसत नाई. म्हनून मोठी टाकी. मोठे, पिवळेजर्द मासे पायजे म्हनते."

"मग आणत का नाहीत?"

"भेऊन राह्यले न, बाई."

संध्याकाळी भाऊ घरी आले. मी तिथेच बसून होते. एरवी मी त्यांच्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर देत असे, त्या दिवशी मीच विचारलं, "भाऊ, सगळं तयार आहे. बाबांचे डोळे थांबतील का?"

ते टाकीकडेच पाहत राहिले.  "मांगच्या वेळेस त्याहिनं आपल्या हातानं काढले. मी पाह्यलो, बाई. आता पुन्हा त्याहिच्या समोर मेले त... मंग?"

 स्वयंपाकघरातून वैनीचा आवाज आला, कणीक मळता मळता.

"मंग पुन्हा आनू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बूथवर गेले.

पाच मासे आले. डिसेंबर होता, थंडी होती. बल्लारशाच्या स्टेशनवरून थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन भाऊ आणि वैनी एसटीने आले. कंडक्टरने डबा वर ठेवायला सांगितला तेव्हा भाऊ त्याच्याशी भांडले म्हणे. ही बातमी गल्लीने पुष्कळ दिवस चघळली, कारण भाऊ कधी कोणाशी भांडलेच नव्हते. पिशव्या उघडल्या तेव्हा एक मासा गेलेला होता. मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी तो अंगणात पपईखाली पुरला, हात धुतले आणि उरलेल्या चौघांना दोन तास लावून, थेंबाथेंबाने नवं पाणी देत, टाकीत सोडलं. दोन नारिंगी, एक निळा आणि एक तळहाताएवढा पिवळा, हळदीत बुडवून काढल्यासारखा.

पंधरा दिवस चौघेही जगले. मग भाऊ स्वतः गावी जाऊन बाबांना घेऊन आले.

बाबा फार खंगले होते. भिंत चाचपत आत आले. भाऊंनी त्यांना टाकीसमोर खुर्चीत बसवलं, दिवा लावला आणि स्वतः मागे उभे राहिले. बाबांनी मान तिरपी केली, डावा डोळा काचेजवळ नेला. पिवळा मासा समोरून गेला, वळला, पुन्हा आला. काचेच्या कोपऱ्यात प्रतिबिंबं पडून त्याचे दोन झाले, तीन झाले. बाबांचं बोट त्याच्यामागे काचेवरून फिरू लागलं. ओठ हलत होते. ते मोजत होते.

"नऊ हायेत, पांडू," शेवटी ते मुलाला म्हणाले.

मी आणि वैनीने एकमेकींकडे पाहिलं. दिघोरेभाऊ अर्ध्या डिग्रीसाठी माझ्याशी तासभर वाद घालणारे गृहस्थ.

"हो बाबा. नऊ," ते म्हणाले.

बाबांचं समाधान झालं नाही. त्यांनी कपाळ काचेला टेकवलं. "एखादा खाली दगडात बसून असन. असतेच एखादा."

"असन, बाबा," भाऊंनी स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसले. "निंघनच बाहेर. पाहू थोडा वेळ."