जगज्जेत्यांच्या गटांगळ्या

जागतिक जलतरण स्पर्धेत उतरणारे जलतरणपटू बुडू शकतात, असं गृहीत धरून तलावाच्या कडेला एक जीवरक्षक नेमलेला असतो. यामागे विचार आहे. पट्टीचा पोहणाराच बुडतो, असं आपल्याकडे म्हणतात. मग जगातले झाडून सगळे पट्टीचे पोहणारे एकाच तलावात गोळा झाले, तर धोका केवढा, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

आपला जीवरक्षक कित्येक वर्षं त्या उंच खुर्चीवर हंगामी म्हणून बसत होता. गळ्यात शिट्टी, अंगात पिवळा सदरा, मांडीवर बुडणाऱ्याकडे फेकायचं रबरी कडं. शेजारपाजारचे त्याला 'माशांचा राखणदार' म्हणत आणि तोही हसून घेई. हसू मावळलं ते उपयुक्तता पडताळणी अधिकाऱ्यांनी बोलावणं धाडलं तेव्हा. कोणाला काम नाही हे शोधून काढणं, हे या साहेबांचं काम.

"आजवर किती जणांना वाचवलंत?"

"एकालाही नाही, साहेब."

"का?"

"कुणी बुडलंच नाही."

"म्हणजे तुमची गरज नव्हती."

"साहेब, मी होतो म्हणून..."

"तुम्ही होतात म्हणून ते बुडले नाहीत, की ते बुडणारच नव्हते म्हणून तुम्ही होतात?" साहेबांनी चष्मा काढून पुसला. "शनिवारच्या अंतिम शर्यतीपर्यंत एक तरी बचाव दाखवा, तुम्हाला कायम करतो. नाहीतर खुर्ची काढून तिथे झाड ठेवू. कुंडीतलं. निदान ते वाढतं तरी."

कायम होणं म्हणजे दोन खोल्यांचं घर. सध्याच्या एका खोलीत लेक झोपली की नवरा-बायको भांडणंसुद्धा कुजबुजत करत. त्या दिवशीही तसंच झालं.

"मग वाचवा की कुणालातरी!" बायको कुजबुजली.

"अगं, जगज्जेते आहेत ते. कुणाला वाचवू?"

बायकोने लेकीच्या लंगड्या खुर्चीच्या पायाखालची सुरक्षा पुस्तिका ओढून काढली, वरचा वाळका भात खरवडला आणि वाचू लागली. "'बुडणाऱ्याची लक्षणे. डोके पुन्हा पुन्हा पाण्याखाली जाते व वर येते. वर येताच तोंड उघडते. दोन्ही हात एकदम बाजूला फाकून तो पाणी दाबतो. हाक मारल्यास ओ देत नाही.'" ती थांबली. "हे शेवटचं लक्षण तर तुम्हाला मोबाइल बघतानाही असतं. बरं, शनिवारी शर्यत कसली आहे?"

"पुरुषांचा ब्रेस्टस्ट्रोक."

"म्हणजे ते बेडकासारखं?" तिने हातातल्या चमच्यासकट करून पाहिलं. मान खाली, मान वर, तोंड उघडं, हात बाजूला. पुन्हा मान खाली.

झोपलेली समजत होते ती लेक ताडकन उठून बसली. "बाबा, आई बुडली!"

नवरा-बायकोंनी एकमेकांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी जीवरक्षकाने पुढे केलेल्या पुस्तिकेतली लक्षणं साहेबांनी दोनदा वाचली. मग गंभीर झाले. "म्हणजे आजवर प्रत्येक शर्यतीत आठ-आठ माणसं तुमच्यासमोर गटांगळ्या खात होती, आणि तुम्ही बघत बसलात?"

जीवरक्षकाने घाईघाईने पुस्तिका परत मागितली. पण साहेब मनाने वाईट नव्हते. शिवाय जिथे आठ बचाव होतात, तिथे बचाव विभाग लागतो आणि विभागाला प्रमुख लागतो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी मार्ग काढला. शर्यत थांबवायची नाही, कारण जाहिराती ठरलेल्या आहेत. बचाव शर्यतीला अडथळा न आणता करायचा. बुडणाऱ्याने आपलं आपण भिंतीपर्यंत यावं आणि तिथे त्याला वाचवावं.

शनिवारी हॉल गच्च भरला. आठ जगज्जेत्यांनी सूर मारला आणि नियमाप्रमाणे गटांगळ्या खाऊ लागले. जीवरक्षकाने नियमाप्रमाणे हाका मारल्या. नियमाप्रमाणे कुणीही ओ दिली नाही. पहिल्याने भिंतीला हात लावताच जीवरक्षकाने त्याचं मनगट धरलं आणि ओरडला, "वाचवला!" मग दुसरा, मग तिसरा. ओल्या फरशीवर त्याची धांदल उडाली. सोनं सगळ्यात आधी वाचलेल्याला मिळालं. आठव्याच्या प्रशिक्षकाने तक्रार नोंदवली की आमचा खेळाडू सर्वांत जास्त वेळ बुडत होता, त्याला आधी काढायला हवं होतं. तक्रारीत तथ्य आढळलं.

तिथेच तलावाकाठी सत्कार ठरला. साहेबांनी पाकीट आदल्या दिवशीच भरून ठेवलं होतं. त्यात दोन कागद होते. एकात आठ जणांना वाचवल्याबद्दल कायम केल्याचा आदेश, दुसऱ्यात आठ जणांना बुडू दिल्याबद्दल खुलासा देण्याची नोटीस. मंचावर टॉवेल गुंडाळलेले आठ जगज्जेते, मधोमध साहेब आणि पाकिटाच्या दुसऱ्या टोकाला जीवरक्षक. समोर बायको, तिच्या कडेवर लेक.

"जरा जवळ या," फोटोवाला म्हणाला. "साहेब, दात दिसू द्या." तो एक पाऊल मागे सरकला. "त्या टोकाचे चॅम्पियन येत नाहीयेत फोटोत." अजून एक पाऊल. अजून एक. मग फोटोवालाच दिसेनासा झाला.

टाळ्यांच्या कडकडाटात आवाज कुणाला आला नाही. मंचावरचे सगळे, जिथे मघाशी कॅमेरा होता तिकडे बघून हसत राहिले.

जीवरक्षकाने पाहिलं. पाकिटावरचा त्याचा हात सुटू लागला.

"हलू नका," साहेब दात न हलवता म्हणाले. "फोटो नाही तर समारंभ नाही. समारंभ नाही तर आदेश नाही. हे पाकीट आत्ता सुटलं, तर सुटलंच समजा."

"साहेब, तो..."

"किती वेळा वर आला?"

"एकदाही नाही!"

"मग पुन्हा पुन्हा वर येण्याचं लक्षण नाही. तोंड उघडलेलं दिसत नाही. हात दिसत नाहीत. पुस्तिकेप्रमाणे तो बुडत नाहीये. दात दाखवा."

जीवरक्षकाने पाकीट सोडलं आणि उडी मारली.

फोटोवाला वाचला. भरपूर पाणी ओकला आणि आधी कॅमेरा कुठाय ते विचारलं. कॅमेरा तळाशी होता. म्हणून फोटो नव्हता, म्हणून समारंभ झाला नव्हता, म्हणून कुणी कायम झालं नव्हतं. बायकोने पदराने नवऱ्याचं डोकं खसाखसा पुसलं. "बरं केलंत," ती म्हणाली, आणि या वेळी अजिबात कुजबुजली नाही. लेकीने सगळ्या हॉलला सांगितलं, "माझ्या बाबांनी काढला!"

आणि तुम्ही? फोटोवाला पाण्यात गेला तेव्हा तुम्ही हसलात. हसा, त्याला हरकत नाही. पण तो खाली होता तेवढ्या वेळात तुम्ही साहेबांचं सगळं बोलणं चवीने वाचून काढलंत, आणि एकदाही तुमच्या तोंडून निघालं नाही, की अहो, आधी त्या माणसाला कुणीतरी बाहेर काढा!