नीलव्वाच्या रांजणातले सोनमासे

गिरणीच्या साहेबांच्या बंगल्याचा टांगा दारात थांबला तेव्हा नीलव्वा सुपात कडक भाकऱ्या रचत होती. टांग्यातून आधी तिचा नवरा चनमल्लप्पा उतरला. मग त्याने तान्हं मूल घ्यावं तशी दोन्ही हातांनी एक काचेची हंडी उतरवून घेतली. हंडीत पाणी होतं आणि पाण्यात झेंडूच्या रंगाचे तीन मासे होते.

"हे काय आणलं?"

"हळू बोल की. साहेबांचे हायत."

"साहेबाचे मासे साहेबाच्या घरी ऱ्हाऊ द्यावं. लिंगायताच्या घरात कशाला?"

"साहेब महाबळेश्वरला चाललेत, दोन महिने. म्हनले, चनमल्लप्पा, तुझ्याएवढा भरवशाचा मानूस हापिसात न्हाई."

"सतरा कारकून हायत हापिसात. तुमीच का भरवशाचे?"

"बाकीचे मासे खातात," चनमल्लप्पा म्हणाला.

यावर नीलव्वाने सूप सरकवून हंडीला जागा करून दिली. शिवाय आषाढात हेडक्लार्क पेन्शनीत निघणार होते, आणि त्यांच्या खुर्चीकडे चनमल्लप्पा गेली नऊ वर्षं बघत आला होता. मासे जगले तर खुर्ची मिळेल, असं साहेब काही तोंडाने बोलले नव्हते. पण मासे मेले तर मिळणार नाही, हे कुणी बोलायची गरजच नव्हती.

हंडीबरोबर एक गच्च भरलेला पत्र्याचा डबा आला होता. त्यावर माशाचं चित्र आणि खाली इंग्रजी अक्षरं.

"ह्यात काय?"

"त्यांचं खानं. विलायती रवा."

नीलव्वाने डबा नाकाशी नेला. शाळेची पायरी ती कधी चढली नव्हती. पण रवा कशाला म्हणतात ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. "गळ्यातल्या लिंगावर हात ठेवा आनी पुन्हा सांगा."

चनमल्लप्पाचा हात छातीपर्यंत गेला आणि तिथून कानाकडे वळला. कान खाजवत तो म्हणाला, "मुंग्यांची अंडी हायत. वाळवलेली. एवढीएवढी असत्यात गं, दिसतबी न्हाईत."

"दिसत न्हाईत तर साहेबाला कशी घावली?" नीलव्वाने डबा चिमटीत धरून बाहेर नेला आणि भिंतीच्या कोनाड्यात ठेवला. "माज्या उंबऱ्याच्या आत अंडं यायचं न्हाई. मुंगीचंबी न्हाई. माज्या घरात ऱ्हायचं तर मासेबी माज्या घरचं खातील."

"मरतील की ते. विलायती हायत."

"विलायती साहेब आपल्या सोलापुरात ज्वारी खाऊन जाड झाला, ह्यांना काय झालंय?"

तिने कडक भाकरी तळहातावर चुरली आणि चिमूटभर पाण्यात सोडली. मासे आले, त्यांनी तोंडात घेतली, थुंकली, पुन्हा घेतली. नीलव्वा विजयी मुद्रेने नवऱ्याकडे बघत राहिली.

वैशाख लागला. पत्र्याच्या छपराखाली हंडीतलं पाणी अंघोळीला घ्यावं इतकं तापायला लागलं आणि मासे वर येऊन तोंडं उघडी टाकून राहिले. चनमल्लप्पा हापिसातून दिवसाला चारदा निरोप पाठवी, जिवंत हायत का. शेवटी नीलव्वाने डोकं चालवलं. ओसरीच्या कोपऱ्यात प्यायच्या पाण्याच्या रांजणाशेजारी दुसरा एक रांजण रिकामाच होता. तो घासून पाण्याने भरला, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं आणि मासे त्यात सोडले. मातीच्या गारव्यात त्यांना अशी काही तरतरी आली की आठ दिवसांत ते अंगानेही भरले. येणाऱ्याजाणाऱ्याला नीलव्वा झाकण सरकवून दाखवी. "भाकरीनं केलंय हे," ती म्हणे. अशा वेळी चनमल्लप्पा दुसरीकडे बघे.

अशाच एका सोमवारी मठाचे स्वामी भिक्षेला आले. भर दुपार होती, आणि नीलव्वा आत चुलीपाशी. स्वामींनी पाय धुतले, हाक मारून बाईला उठवायला नको म्हणून स्वतःच हाताशी आलेल्या रांजणाचं झाकण काढलं, तांब्या बुडवला आणि तोंडाला लावला. पहिला घोट गेला. दुसऱ्या घोटाला तांब्यातून कुणीतरी त्यांच्याकडे बघितलं.

तांब्या पडल्याचा आवाज ऐकून नीलव्वा बाहेर आली. स्वामी भिंतीला टेकून उभे होते आणि मासा ओसरीवर उड्या मारत होता. तिने आधी मासा उचलून पाण्यात टाकला आणि मग स्वामींना नमस्कार केला. कुणाला आधी उचललं, हे शेजारच्या मथुराबाईने कुडाच्या फटीतून बघितलं. दिवेलागणीच्या आत साऱ्या गल्लीला कळलं की नीलव्वाच्या घरी माशाचं पाणी स्वामींना पाजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मठातून बोलावणं आलं. चनमल्लप्पाने रांजणाचं झाकण काढलं.

"मासे तळ्यात सोडून येतो. साहेबांना सांगतो, उन्हानं गेले."

"आनी खुर्ची?"

"खुर्चीपायी घरचं पानी बंद करून घ्यायचं का? आपल्या हातचा घोट कुनी घ्यायचं न्हाई. दारात कुनी उभं ऱ्हायचं न्हाई."

"पानीबी चालंल आनी मासेबी ऱ्हातील," नीलव्वा म्हणाली. "मी काय चोरी केली न्हाई तोंड लपवायला." तिने सर्वांत जाड मासा कळशीत घेतला, कळशी कमरेवर घेतली आणि भर रस्त्याने मठाकडे निघाली. चनमल्लप्पा दहा पावलं मागून आला. जणू त्याच रस्त्याने त्याचं वेगळंच काम होतं.

मठात पाचसहा वडीलधारे बसले होते. त्यांत पुढे गुरुलिंगअप्पा, सुताचे व्यापारी. स्वामी बाजूला आसनावर गप्प होते. कालपासून त्यांनी पाणी बघूनच प्यायचं ठरवलं होतं.

"नीलव्वा," गुरुलिंगअप्पा म्हणाले, "आपल्या घरात मासा ठेवतीस?"

"गाय ठेवतो, पोपट ठेवतो. मासा ठेवला तर काय झालं? खायाला ठेवला न्हाई."

"पन मांस खानारा जीव तो."

"माझा न्हाई खात." तिने कळशी खाली ठेवली, पदराच्या गाठीतली भाकरी चुरून आत टाकली. सगळे वाकले. मासा वर आला आणि त्याने मुकाट्याने भाकरी खाल्ली.

"मोप खाईल, आमच्यासमोर," गुरुलिंगअप्पा सहजी हार मानणारे नव्हते. "साहेबानं त्याचं खानं दिलं असंल की."

"दिलंय. मुंग्यांची अंडी. उंबऱ्याबाहेर कोनाड्यात हायत. तिथं ठेवल्यापासनं मी त्या डब्याला हातबी लावला न्हाई."

"कुनी सांगावं?"

"मी सांगते. त्यातला एक दाना जरी ह्या माशाच्या तोंडात गेला असंल, तर आजपासनं माज्या घरचं पानी बंद करा. डबा आना कुनीतरी."

"डबा कशाला?" मागून चनमल्लप्पा घाईने म्हणाला. "उनाचं कुनाला पाठवताय? बाई खरं बोलतीया की."

पण मठाचा गडी केव्हाच निघाला होता. डबा आला. गुरुलिंगअप्पांनी दोन बोटांनी झाकण उघडलं, आत बघितलं आणि डबा सगळ्यांपुढे तिरका केला. डबा अर्धा रिकामा होता.

कळशीत मासा तेवढा फिरत होता.

"नीलव्वा, अर्धा डबा कुटं गेला?"

नीलव्वाने सावकाश मान वळवली. चनमल्लप्पा मठाच्या तुळया मोजत होता. रोज पहाटे तिच्या आधी उठून हा माणूस ओसरीवर काय करायचा, ते तिला आता समजलं. आणि भाकरीने आठ दिवसांत मासे का फुगले, तेही. तिचा चेहरा लाल झाला. आता ही बया रडणार, असंच सगळ्यांना वाटलं.

"माशाची हमी मी घेतली, ती घेतली," ती ठासून म्हणाली. "मासा भाकरीच खातो. पन घरात तोंडं काय माशांचीच हायत व्हय? ह्यांची हमी मी दिली न्हाई. ह्यांना इचारा."

सगळे चनमल्लप्पाकडे वळले. स्वामींनी उपरण्याचा शेव तोंडावर धरला. खोकला आला असावा.

चनमल्लप्पाने बायकोकडे बघितलं. ती डोळे न हलवता त्याच्याकडे बघत होती. खरं सांगावं तर घरचं पाणी बंद. मासे सोडून द्यावेत तर खुर्ची गेली. त्याने कळशीत बघितलं. आतून मासा वर आला आणि तोंड उघडून मिटून त्याची वाट बघत राहिला.

"मी खाल्ली," चनमल्लप्पा म्हणाला.

"तुमी?"

"व्हय. रोज पहाटे."

वडीलधारे बराच वेळ आपसांत कुजबुजले. बाईचं पाणी चालेल, माशाचा दोष नाही, चनमल्लप्पाने पाच सोमवार मठात झाडलोट करावी आणि डबा वेशीबाहेर पुरून टाकावा, असं ठरलं. नीलव्वाने कळशी उचलली आणि आली होती तशीच ताठ मानेने पायऱ्या उतरली. चनमल्लप्पा तिच्यामागे निघाला, तेवढ्यात गुरुलिंगअप्पांनी त्याची बाही धरून त्याला खांबाआड घेतलं. इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज उतरवला.

"चनमल्लप्पा, खरं सांग. लागत्यात कशी?"

चनमल्लप्पाने क्षणभर विचार केला.

"अळणी," तो म्हणाला.