सुभानजींच्या अष्टमीच्या लखोट्याची बखर

श्रीहिमगिरिनाथ साक्ष असो. शके अठराशें एकवीस, विकारीनाम संवत्सरीं, एका राज्यांत जें वर्तलें तें ऐकिलें तैसें लिहितों. त्या राज्यीं यादोपंत दफ्तरदार म्हणून गृहस्थ होते. बर्फाच्या शिखरांवर ज्या मोहिमा गेल्या, त्यांच्या छावण्यांतून निघालेले लखोटे आणि त्यांवरील डाकेचे शिक्के जमविण्याचा त्यांस भारी शौक. आणि मागील सालीं एका लबाडानें चहाच्या पाण्यांत बुडवून जुना केलेला लखोटा त्यांच्या गळ्यांत मारिला, तेव्हांपासून पंत सख्ख्या भावाचें पत्रही उजेडास धरून पाहत. ऐशा समयीं रायाजी मोकाशी, धवलकड्याच्या मोहिमेचा डाकेचा कारकून, आतां म्हातारा, एक बंद लखोटा घेऊन आला. पंतांनीं पाहिलें तों वर पत्नीच्या नांवें पत्ता, धाडणार म्हणून त्याच मोहिमेंतील सुभानजींचें नांव, "वरचा तळ, ज्येष्ठ शुद्ध अष्टमी" ऐसा मजकूर, आणि छावणीचा शिक्का दशमीचा. पंत हंसले आणि बोलिले, "रायाजी, अठरा वर्षांमागें त्यांचे सोबती हैबतराव शिखरावरून एकटेच उतरले आणि म्हणाले, पंचमीस सुभानजी कपारींत पडून गत झाले. मग अष्टमीस हें लिहिलें कोणीं?" रायाजी म्हणाला, "तें आपणच ताडावें." मग पंतांनीं भिंग घेतलें आणि आपल्या संग्रहांतील सुभानजींचें जुनें पत्र काढून अक्षर पडताळिलें, तों वळण तेंच. आणि त्या छावणीचा शिक्का नवमीस दगडावर पडून कडेस तुटला होता. पंतांच्या संग्रहांतील नवमीनंतरच्या दोन लखोट्यांवर ती तूट होती, तीच येथेंही निघाली. आतां संशय लखोट्याचा राहिला नाहीं. हैबतरावांचा जाहला, आणि हैबतराव तर किल्लेदार, दरबारचे मानकरी.

"खरें सांगा," पंत बोलिले. तेव्हां रायाजी रडूं लागला आणि म्हणाला, "नवमीस हमाल वरच्या तळाचें सामान उतरवावयास गेला, तों सुभानजी तंबूंत गार पडलेले, हातीं हा लखोटा. दशमीस तो खालीं आला, मीं शिक्का मारिला, इतक्यांत हैबतराव आले आणि म्हणाले, जाळून टाक. हमालास परमुलखीं धाडिलें. मज जाळवेना, द्यावयाची छातीही होईना." मग पंतांस मोह पडला, कीं ऐसा न फोडिलेला लखोटा सबंध राज्यांत दुसरा नाहीं, पेटींत ठेवावा आणि गप्प बसावें. दोन दिवस त्यांस अन्न गोड लागलें नाहीं. तिसरे दिवशीं उठोन ते सुभानजींच्या पत्नी सगुणाबाई यांजकडे गेले आणि लखोटा त्यांच्या हातीं दिला. बाईंनीं फोडिला. आंत इतकेंच: "पाय गारठून काळे पडले. हैबतराव मदत आणावयास पंचमीस उतरले. आज अष्टमी. येतीलच. तुम्हीं काळजी करूं नये." बाई बोलिल्या, "येतीलच म्हणतात. चला दरबारांत."

दरबारीं हैबतराव म्हणाले, "हिमानें डोळे दिपले होते, मी त्यांस मेले समजलों." सगुणाबाईंनीं विचारिलें, "मग कपारींत पडले ते कोण?" हैबतरावांनीं पाणी मागविलें.

तात्पर्य, तंबूंत पाहणारा हमाल परमुलखीं, दुसरा डोळ्यांनीं पाहिलेला साक्षीदार नाहीं म्हणोन दरबारानें गुन्हा शाबीत केला नाहीं, किल्लेदारीही राहिली. मात्र पुढील सालीं हैबतराव नव्या मोहिमेस निघाले, तेव्हां त्यांच्या कमरेच्या दोराचें दुसरें टोक धरावयास एकही गडी मिळाला नाहीं.