सगळ्यांत मागचे गुलाबभाऊ

गुलाबभाऊंनी आमच्या गावात धावण्याचा क्लब काढला, आणि त्या क्लबात एक दिवस सोडला तर त्यांनी एकाही माणसाला मागे टाकलेलं नाही. गळ्यात शिट्टी, हातात काठी, पायात जुने खाकी बूट घालून ते रोज शेवटी धावतात. दम नाही म्हणून नव्हे. मुद्दाम.

भाऊ एस.टी.त कंडक्टर होते. रिटायर झाले, पण गाडीतून उतरले नाहीत. क्लबातल्या माणसांना ते ‘प्याशिंजर’ म्हणतात. दोन छोट्या शिट्ट्या वाजल्या की निघायचं. एक लांब वाजली की जिथे असू तिथे थांबायचं आणि शिट्टीकडे परत यायचं. शेवटी शाळेपाशी पोचलो की ते विचारतात, “मांगं कोनी राह्यलं काय?” आम्ही सगळ्यांनी ओरडायचं, “कोनी नाई!” तेव्हा कुठे त्या दिवसाचं धावणं संपतं.

लग्नात पंगत उठली की मांडवाच्या दारात उभे राहून भाऊ हेच विचारतात. एकदा तर मयतीहून परत निघताना नदीवर विचारलं. मग एक म्हातारा म्हणाला, “एक राह्यला न भाऊ. त्याच्यासाठीच त आलो होतो.”

लोक हसतात आणि म्हणतात, कंडक्टरची सवय, जाता जायची नाही.

आमचं गाव गडचिरोलीच्या रस्त्यावर, जंगलाला लागून आहे. ऊन पडल्याशिवाय आणि घोळक्याशिवाय या रस्त्यावर कोणी पायी निघत नाही. भाऊंचं घर आणि माझं घर यांच्यात एकच भिंत. डॉक्टरांनी मला साखर सांगितली तेव्हा भाऊ दारात येऊन म्हणाले, “चला बाई, सीट खाली हाये.” मी पातळावर कापडी बूट घालून जाऊ लागले. सगळ्यांत हळू मीच. माझ्या मागे भाऊ. सगळ्या वाटेत आम्ही एक शब्द बोलत नसू, आणि मला ते बरं वाटायचं. मला चारचौघांत बोलता येत नाही.

किराणा दुकानाचा पंकज मात्र वैतागला होता. तो हरणासारखा पळतो, आणि माझ्यासाठी त्याला दर थोड्या वेळाने थांबावं लागे.

“हे काय धावनं होय भाऊ? हे त वरात होय! आमी गडचिरोलीच्या क्लबात जातो.”

त्याच्याबरोबर जाणारे आणखी पाच-सहा जण होते. ते गेले असते तर भाऊ आणि आम्ही तीन बाया उरलो असतो. चौघांचा घोळका होत नाही. म्हणजे धावणं बंद.

भाऊंनी दोन दिवस विचार केला आणि जाहीर केलं, “आपल्या आपल्यात स्पर्धा घेऊ. पयला येईन त्याले पानी भराचा पितळेचा गुंड.”

पंकजने अट घातली. ज्याची स्पर्धा त्याने फितीपाशी उभं राहायचं, मागे धावायचं नाही. आणि शिट्टी फक्त निघताना. “मधात वाजली त आमी उद्यापासून येनार नाई, भाऊ. सांगून ठेवतो.”

भाऊ काठीचं टोक मातीत फिरवत राहिले. मग म्हणाले, “नाई वाजवत.”

नंतर त्यांनी जी धावपळ केली, तेवढी क्लबात कधी केली नव्हती. शाळेपुढे चुन्याची रेघ मारली. ती कोंबड्यांनी उकरली, पुन्हा मारली. फीत म्हणून झेंडूची माळ बांधली. ती बकरीने खाल्ली, दुसरी बांधली. चहावाल्याला सांगून रस्त्यावरची कुत्री बांधून ठेवली. गुंड चिंचेने घासून इतका चकचकीत केला की पंकज त्यात बघून भांग पाडायला लागला.

जायचं होतं शाळेपासून नाल्याच्या पुलापर्यंत, आणि त्याच वाटेने परत. पूल वळणापलीकडे आहे, शाळेपासून दिसत नाही. धान निघून गेलं होतं, शेताच्या बांध्या मोकळ्या पडल्या होत्या. भाऊंनी दोन शिट्ट्या दिल्या. आम्ही निघालो आणि ते रेघेवर उभे राहिले. मागे त्यांच्या बुटांचा आवाज नव्हता. मी दोनदा वळून पाहिलं.

पुलाला हात लावून सगळे परतले, मला ओलांडून गेले. मी पुलाशी पोचले तेव्हा बाभळीचा काटा बुटातून तळव्यात शिरला. मी कठड्यावर बसले, बूट काढला, आणि काटा ओढू लागले. वळणापलीकडे सगळ्यांचे आवाज बारीक होत गेले.

शाळेपाशी काय झालं ते मला नंतर कळलं. पंकज सगळ्यांत पुढे होता, माळ हातभर लांब राहिली होती. पण भाऊ त्याच्याकडे बघतच नव्हते. ते वळणाकडे बघत होते. एकेक करून सगळे वळणावर दिसले, मी दिसले नाही. भाऊंनी शिट्टी तोंडात घातली, काढली, पुन्हा घातली.

मला ती पुलावर ऐकू आली. एकच, लांब.

आणि सगळे थांबले. पंकजसुद्धा. नंतर तो म्हणाला, “मी नाई थांबलो, पाय थांबले.” सगळे वळले आणि शिट्टीकडे जायचं सोडून वळणाकडे पळाले. कारण शिट्टी वाजवणारा माणूस माळ तोडून, काठी टाकून, त्यांच्यामधून वाट काढत पुलाकडे सुटला होता.

मी वर पाहिलं तर सगळ्यांच्या पुढे भाऊ. पंकज त्यांच्या मागे होता, आणि त्याला ते गाठता येत नव्हते.

भाऊ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझ्या हातात बूट होता. ते कठड्याला धरून खाली बसले. धापा टाकत म्हणाले, “आवाज त द्याचा होता, बाई.”

“कोनाले देऊ, भाऊ? समदे त समोर होते.”

बोलून गेल्यावर मला कळलं की मी काय बोलले. भाऊंनी तोंड नाल्याकडे फिरवलं.

काही वर्षांपूर्वी, मोहाच्या दिवसांत, भाऊंच्या पत्नी शेवंताबाई अशाच मागे राहिल्या होत्या. एका झाडाखाली थोडी फुलं वेचायची होती म्हणून. भाऊ टोपली घेऊन पुढे निघाले आणि गावात पोचल्यावर त्यांनी वळून पाहिलं. वाघाने नेलं. गावात हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच सगळे कंडक्टरची सवय म्हणतात.

पंकज कमरेवर हात ठेवून उभा होता. मग त्याने माझ्या बुटातला काटा काढून नाल्यात फेकला. “गुंड गेला न भाऊ माझा,” तो म्हणाला. “चला, डबल शिट्टी मारा.”

भाऊंना शिट्टी फुंकता येईना. आम्ही तसेच निघालो, माझ्या चालीने, घोळक्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंकज कुरकुरत आला. गुंड शाळेपाशी पाण्याचा म्हणून ठेवला आहे.

एक सांगायचं राहिलं. रोज दिवेलागणीला भाऊ आपल्या घराचं दार लावतात. लावायच्या आधी रिकाम्या अंगणाकडे बघून हळू विचारतात, “मांगं कोनी राह्यलं काय?” भिंत एकच असल्याने मला ऐकू येतं. इतकी वर्षं मी चुलीपुढे गप्प बसून ऐकत आले, आणि कडी वाजायला फार वेळ लागे.

स्पर्धेच्या संध्याकाळी त्यांनी विचारलं तेव्हा मी भिंतीशी जाऊन म्हटलं, “कोनी नाई, भाऊ.”

पलीकडे मग कडी लागली.